हिरवं लिंपण

१

रोज दुपारी मी कांडते. कधी मका, कधी कसावाची वाळवलेली मुळं, कधी त्याचाच कोवळा पाला. पंचेचाळीस वर्षं झाली. उखळ आईकडून आलेलं, मुसळ नवऱ्याने घडवून दिलेलं. आमच्याकडे लिकासी शहराच्या आसपासच्या गावांतून बाई रागावली आहे की नाही ते मुसळाच्या आवाजावरून चार घरं पलीकडे कळतं. माझं कुणी ऐकत बसत नसे. मी कांडतेय म्हणजे रागावलेलीच, हे सगळ्यांना पाठ होतं.

त्या दिवशी राग होता जावयावर. नुंबी त्याचं नाव. माझ्या एकुलत्या एका पोरीला, म्वादीला, हा गृहस्थ लग्नानंतर खाणवाल्यांच्या वस्तीवर घेऊन गेला. प्लास्टिकच्या कागदाखाली संसार. तिथे तिची दोन बाळंतपणं झाली. पहिलं पोर सहाव्या महिन्यात पोटातच गेलं. दुसरं जन्मलं, एक दिवस जगलं, नाव ठेवायच्या आत गेलं. तिसऱ्या वेळी दिवस राहिले तेव्हा मी निरोप धाडला, की पोरीला मुकाट्याने माझ्याकडे आणून सोड, नाहीतर मी मुसळ घेऊन तिथे येते. आणून सोडली. सातवा महिना, पाय सुजलेले, तोंडावर रया नाही.

एक वचन मात्र त्याने मला दिलं होतं, की बंद खाणीत उतरणार नाही. माझा नवरा किशिंबा पोरसवदा असल्यापासून त्याच खाणीत दगड निवडायचं काम करायचा. खाण बंद झाली, तोंडावर सिमेंट ओतलं, गोरे साहेब निघून गेले, आणि पुढे वीस-पंचवीस वर्षांनी माझा नवरा खोकून खोकून गेला. त्याचं आणि दगडाचं काय नातं, ते कुणी लिहून दिलं नाही. पण मला लिहून कशाला हवंय? मी त्याची पाठ चोळत होते.

तर त्या दुपारी नुंबी आला. आमच्यात सासू-जावयाने एकमेकांचं तोंड बघायचं नाही, थेट बोलायचं नाही. बोलायचंच असेल तर तो पाठमोरा उभा राहून अंगणातल्या आंब्याशी बोलतो, आणि मी माझ्या उखळाशी. "आंब्या, सासूबाईंना सांग, मीठ आणलंय." "उखळा, त्याला सांग, मीठ संपून महिना झाला, आत्ता सुचलं होय?" असं आमचं चालायचं. बाहेरच्याला हसू येईल. आम्हाला बरं पडतं, डोकी फुटत नाहीत.

त्याने एक पोतं आंब्याच्या बुंध्याशी ठेवलं. धापा टाकत होता. म्हणाला, "आंब्या, सासूबाईंना सांग..."

मी मुसळ हाणलं.

तो थांबला. पुन्हा म्हणाला, "आंब्या, त्यांना म्हणावं..." मी पुन्हा हाणलं. दोन घावांच्या मधे तो शब्द घुसवायला बघायचा आणि मी ती फट बंद करायचे. मला ऐकायचंच नव्हतं. दोन पोरं गमावलेल्या माझ्या मुलीकडे बघितलं की त्याचा एकही शब्द कानात शिरू द्यायची इच्छा नव्हती. शेवटी तो ओरडायला लागला. मी दोन्ही हातांनी कांडायला लागले. मक्याचं पीठ होऊन वर त्याची धूळ झाली तरी थांबले नाही.

मग तो गप्प झाला. पोतं तिथेच टाकून निघून गेला. मी घाम पुसला. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

२

पोतं उघडलं तर आत हिरवी माती. ओलसर, ढेकळं ढेकळं, आणि ढेकळात कोवळ्या गवताच्या रंगाचा कण. बोटावर घेतला तर रेशमासारखी झाक मारी. नखाने दाबला की लगेच चुरा.

आमच्याकडे हिरवा दगड म्हणजे तांब्याचा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तांब्याच्या खड्ड्यांतून तो सगळेच आणतात. मला वाटलं, सुचलं बाई जावयाला. बाळंतिणीची खोली लिंपायला रंग घेऊन आला, तेवढंच सांगायचं होतं त्याला. आमच्या बायका पहिली कळ यायच्या आत खोली नव्याने लिंपून घेतात, वारुळाची माती, राख आणि पाणी. वर पांढरं, खाली कमरेइतका रंगाचा पट्टा. बाई त्या पट्ट्याला पाठ लावून बसते, तिथेच बाळंत होते.

मी जुनं, तडा गेलेलं उखळ काढलं आणि ती माती कांडून घेतली. आता आठवतं, की मूठभर मातीला नको इतकं वजन होतं. ओंजळ भरली की मनगट खाली जायचं. तेव्हाही जाणवलं होतं. पण जाणवलेल्या सगळ्या गोष्टी मी ऐकून घेतल्या असत्या तर मग काय हवं होतं!

म्वादी दारात येऊन उभी राहिली. "आई, तो काय सांगत होता गं?"

"काय सांगणार? भेट आणलीय म्हणाला."

"ओरडत होता ना पण. मी झोपेतून उठले."

"आनंदाने ओरडत होता."

ती हसली. महिनाभराने हसली. त्या हसण्यावर मी ते खोटं तसंच राहू दिलं. कसावाच्या खळीत हिरवी भुकटी कालवली आणि दोन दिवसांत खोलीचा पट्टा पुरा केला. इतका देखणा झाला की फेलिसिते बघायला आली. फेलिसिते म्हणजे आमची शेजारीण, गावची सुईण. तिने हात कमरेवर ठेवून बघितलं आणि म्हणाली, "म्वादीच्या आई, भिंत अशी नटवलीय, जणू तीच बाळंत होणार आहे."

३

जून-जुलै आमच्याकडे कोरड्या थंडीचे, पाण्याचा थेंब पडत नाही. गवत कडकडीत होतं, ओठ फुटतात, सकाळी वारा बोचतो. लिंपलेली भिंत दुपारपर्यंत वाळते.

ही भिंत वाळली नाही.

वरचा पांढरा भाग खडखडीत वाळला. हिरवा पट्टा मात्र हात लावला की गार, ओला. चौथ्या दिवशीही तसाच. मी म्हटलं, खळ जास्त झाली असेल. सातव्या दिवशी हात लावला तर खरखरीत लागलं. डोळे बारीक करून पाहिलं. पट्ट्यावर लव आली होती. पाखराच्या नुकत्या जन्मलेल्या पिलाला असते ना, तशी हिरवी लव. नवव्या दिवशी ती लव नव्हती. सुया होत्या, केसाइतक्या बारीक, जोंधळ्याच्या दाण्याइतक्या लांब, जुडग्या-जुडग्यांनी भिंतीबाहेर आलेल्या.

या सुया मला ऐकून ठाऊक होत्या.

किशिंबा मला सांगायचा. खाणीत एक दगडांचा डॉक्टर होता, गोरा, सदानकदा भिंग लावून बसणारा. निवडणाऱ्या पोरांना हिरव्या सुयांचा दगड सापडला की तो कापूस घातलेल्या खोक्यात ठेवून घ्यायचा. त्याने पोरांना सांगितलं होतं, की मूळ दगड काळा असतो, खूप खाली, जड. वरून पाणी झिरपतं, येताना वाळूतलं सत्त्व आणतं, तांबं आणतं. त्या काळ्याला भिजवतं, कुजवतं, आणि मग फटीत कुठेतरी, अंधारात, पोकळी मिळाली की या सुया उगवतात. काळ्याचा विखार तसाच राहतो, नुसता रंग बदलतो. किती दिवस लागतात, म्हणून एका पोराने विचारलं तर तो डॉक्टर खूप हसला होता. म्हणाला, तुझ्या आजोबाचा आजोबा उभा राहिला असता तर त्याला एक सुई केसाएवढीही वाढलेली दिसली नसती.

मग? नऊ दिवसांत? मी स्वतःला दटावलं. त्या सुयांना युगं लागतात, या नऊ दिवसांत आल्या, म्हणजे या त्या नव्हेत. मीठ फुटतं भिंतीला, तसं काहीतरी. आणि त्या असल्या तर त्याचा अर्थ असा होत होता, की नुंबी वचन मोडून बंद खाणीत उतरला होता, आणि तो विखार मी स्वतःच्या हाताने पोरीच्या पाठीशी लिंपला होता. मला असला अर्थ नको होता. म्हणून मी सुया नाहीत असं ठरवलं. माणूस काय, हवं ते ठरवू शकतो.

खोलीत पाण्याचा एक डेरा होता. मी सकाळी भरायचे, दुपारी रिकामा. म्वादीला विचारलं, एवढं पाणी पितेस? म्हणाली, "पिते ना. तहान संपतच नाही." तिचे ओठ मात्र फुटून त्यांवर खपल्या धरल्या होत्या. डेऱ्याखालची जमीन कोरडी होती, आणि डेऱ्यामागची भिंत नुकती पाण्यात भिजवल्यासारखी.

४

खोली लहान. चार पावलं लांब, तीन रुंद. दार पूर्वेला, खिडकी म्हणजे एका विटेचं भोक. म्वादी उत्तरेच्या भिंतीला टेकून बसायची, चटईवर पाय पसरून. दोन आठवड्यांनी एका सकाळी ती फेलिसितेकडे पोट चोळून घ्यायला गेली तेव्हा मी झाडायला आत शिरले. तिच्या जागेवर भिंतीत तिची आकृती होती.

म्हणजे काय, तर सगळीकडे सुयांचं रान माजलेलं, आणि ती टेकायची तेवढ्या जागेत एकही सुई नाही. डोकं, मान, खांदे, पाठ. उघडी, गुळगुळीत माती. यात नवल नव्हतं. मी मोठ्याने म्हणाले, "यात नवल नाही." माणूस टेकला की सुया मोडणार. घाम लागतो, तेल लागतं.

पण मोडलेल्या सुया खाली पडल्या असत्या. चटईमागे मी हात फिरवला. एक कण नव्हता.

दगडांच्या डॉक्टरचं आणखी एक किशिंबा सांगायचा. त्याने फोटोचा कागद काळ्या कागदात गुंडाळला, वर किल्ली ठेवली, किल्लीवर तो दगड ठेवला आणि सगळं कपाटात कोंडलं. आठवड्याने कागद धुतला तर किल्लीचं चित्र आलेलं. उजेड नाही, काही नाही. मधे जे येतं त्याची सावली राहते, म्हणाला होता. पोरं घाबरून पळाली होती, आणि किशिंबा हे सांगताना हसायचा.

मी वाकून झाडत होते म्हणून दिसलं. म्वादीच्या आकृतीच्या डावीकडे, हात-दीड हात सोडून, भिंतीच्या अगदी पायाशी आणखी दोन उघड्या जागा होत्या. लहान. शेजारी शेजारी. एक नारळाएवढी गोलाई वर, खाली जरा रुंद. दुसरी तशीच, जराशी मोठी.

टोपल्या, मी म्हटलं. घेवड्याच्या दोन टोपल्या तिथे ठेवल्या होत्या, त्यांनी लिंपण खरवडलं. अगदी बरोबर. मला इतकं हायसं वाटलं की मी राहिलेला केर गुणगुणत काढला. अंगणात आले. घेवड्याच्या टोपल्या ओसरीत होत्या. आल्या दिवसापासून ओसरीतच होत्या. खोलीत नेल्याच नव्हत्या.

५

आवाज मी नंतर ऐकला. त्या खोलीत गप्प बसलं की यायचा. तव्यावर मीठ टाकलं की तडतडतं, तसा, पण फार बारीक, फार दूर. भिंतीकडे कान नेला की दाट व्हायचा. मागे सरकलं की विरळ. उंदीर म्हणावं तर मातीच्या भरीव भिंतीत उंदीर कुठून? वाळवी म्हणावं तर वाळवी ओल्या विखारात राहील? मी एकेक कारण घ्यायचे आणि टाकायचे. आणि प्रत्येक टाकलेल्या कारणाबरोबर राग वाढत होता. नुंबीवर, त्या बंद करून न बंद केलेल्या खाणीवर, आणि ज्या एका बाईवर मला रागावता येत नव्हतं तिच्यावर, म्हणजे माझ्यावरच.

म्वादी तर खुशीत होती. हेच मला सहन होईना. खाणवस्तीवरून आली तेव्हा भिंतीसारखी बसून असायची, आता स्वतःशी हसायची. एका दुपारी बुकारीचं ताट घेऊन आत गेले. बुकारी म्हणजे मका-कसावाच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, आमचं रोजचं जेवण. तिने एक घास मोडला, बोटांनी मऊ केला, आणि तोंडात न घालता डावीकडे चटईच्या कडेला ठेवला. मग दुसरा. अगदी पोरांना भरवायला करतात तसले लहान घास.

"हे काय गं?"

"काही नाही."

"म्वादी, मी तुझी आई आहे. मला 'काही नाही' ऐकवायचं नाही."

ती माझ्याकडे बघेना. "इथे बरं वाटतं मला. वस्तीवर त्यांना पुरलं तेव्हा मला बघूही दिलं नव्हतं. इथे निदान..."

"निदान काय?"

"बसतात," ती म्हणाली. "नुसती बसतात. त्रास देत नाहीत."

माझ्या हातातलं पाण्याचं भांडं मी आदळलं. तिला दटावलं, रडले, पाया पडले, म्हटलं चल माझ्या खोलीत झोप. ती उठेना. आठवा महिना लागलेली पोर फरपटत कशी न्यायची? फेलिसितेला आणलं. ती हसत आत शिरली, "कुठे आहे आमची नटवलेली भिंत?" म्हणत. भिंत बघून तिचं हसू गेलं. ती बराच वेळ खाली वाकून बघत होती. मग माझा दंड धरून मला अंगणात घेऊन आली.

"म्वादीच्या आई, त्या आकृत्या किती आहेत?"

"कसल्या आकृत्या? ओल धरलीय."

"किती आहेत ते सांग."

"म्वादीची एक. लहान दोन."

"लहान तीन," फेलिसिते म्हणाली. "तिसरी म्वादी आणि त्या दोघांच्या मधे. बसलेली नाही. गुडघे पोटाशी घेतलेली. मी तीस वर्षं बायकांचं पोट चाचपतेय, पोर आत कसं असतं ते मला सांगू नकोस." तिने माझा दंड सोडला नाही. "हा रंग कुठून आणलास?"

मी तिला सांगितलं. सांगताना मुसळाचं मात्र सांगितलं नाही.

६

फेलिसितेने आपल्या भाच्याला नुंबीला बोलवायला सायकलवर वस्तीकडे पिटाळलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी अंगणात होते. आतून म्वादीची हाक आली. ओरडणं नाही, साधी हाक. "आई, पाणमोट फुटली बहुतेक."

दिवस भरायला महिना होता. मी धावले. ती पट्ट्याला टेकून बसली होती, मांड्या फाकून, कपाळावर घाम. मी चटईवर हात फिरवला. कोरडी. तिचा कितेंगे चाचपला, कमरेचं कापड. कोरडं. जमीन कोरडी.

"फुटली म्हणतेस ना?"

"धो धो गेलं, आई. मला कळलं ना."

मी वर बघितलं. हिरव्या पट्ट्यावरून पाण्याचे ओघळ येत होते. वरून खाली नाही. खालून वर चढत होते, आणि चढता चढता सुयांमध्ये जिरत होते. आणि ती तडतड. तव्यावरचं मीठ नव्हतं आता ते, आख्खा तवा पेटला होता.

तेवढ्यात मागे दार अडलं. नुंबी. धुळीने माखलेला, अनवाणी. तो पाठमोरा नव्हता. आंब्याशी बोलत नव्हता. माझ्या डोळ्यांत डोळे घालून माझा जावई माझ्याशी बोलला.

"आई, तिला बाहेर काढा! मी सांगितलं होतं तुम्हाला! हात लावू नका म्हणालो होतो!"

"तू वचन मोडलंस, मेल्या! त्या खाणीत उतरलास!"

"उतरलो! एकदाच उतरलो. व्यापाऱ्याने विखार मोजायचं यंत्र लावलं, ते तडतडलं आणि त्याने पोतं फेकून दिलं, म्हणाला हे माणसांत ठेवू नकोस. मला कळेना कुठे टाकू. नदीत टाकलं तर खालची गावं ते पाणी पितात. सासऱ्यांनी आयुष्य घालवलं त्यात, म्हटलं तुम्हाला ठाऊक असेल याचं काय करतात. तेच विचारायला आलो होतो. तीनदा विचारलं, आई. तुम्ही कांडत होतात."

आपलेच दात, आपलेच ओठ. मी म्वादीच्या काखेत हात घातला, त्याने पाय धरले. ती येईना. वजन नाही म्हणत मी, पोर हलकीच होती. तिची पाठ भिंतीपासून सुटेना. आणि ती रडायला लागली, "आई, नको, ती दोघं एकटी राहतील, आई."

"राहू देत!" मी ओरडले. त्या कोपऱ्याकडे तोंड करून ओरडले, माझ्या मेलेल्या नातवंडांवर, ज्यांना मी कधी मांडीवरही घेतलं नव्हतं. "ऐकलंत का रे? तुमचं झालं ते झालं! हिला सोडा! हिच्या पोटातलं सोडा! तिसरं मिळायचं नाही तुम्हाला!"

बारीक काच मोडावी तसा आवाज आला आणि ती सुटली.

आंब्याखाली बाळंत झाली. भर उन्हात, फेलिसितेच्या हातावर. मुलगी. फेलिसिते नंतर मला म्हणाली, की इतक्या बाळंतपणांत असं मूल तिने पाहिलं नव्हतं. ओलसर नाही, चिकट नाही. धुऊन उन्हात वाळवलेल्या कपड्यासारखी कोरडी आली. पण रडली. कसली रडली, आंब्यावरची पाखरं उडाली.

मी मुसळ घेऊन परत आत गेले, भिंत पाडायला. दाराशीच थांबले. सकाळपर्यंत त्या दोन लहान जागा समोर तोंड करून, पाठ टेकून बसलेल्या पोरांच्या होत्या, गोल डोकं आणि खांदे. आता डोकी गोल नव्हती. दोन्हींना कपाळाचा उतार होता, नाकाची टोकं होती, हनुवट्या होत्या. दोघंही एका बाजूला बघत होती. दाराकडे, म्हणजे अंगणाकडे. मधली तिसरी जागा रिकामी होती, तिथलं पोर आता अंगणात रडत होतं.

मुसळ मी तिथेच टाकलं. नवऱ्याच्या हातचं होतं.

७

नुंबीने त्या घराचं दार आणि ते विटेएवढं भोक वारुळाच्या मातीने बुजवलं. आम्ही लिकासीत आलो, एका भाड्याच्या खोलीत. भाजलेल्या विटा, वर काही नाही. मी लिंपू देत नाही, चुनाही नाही. नुंबी विटांच्या भट्टीवर जातो. माझं तोंड बघितलं म्हणून त्याने रीतीप्रमाणे कोंबडी दिली, मी घेतली, आणि पुन्हा आमचं पहिल्यासारखं झालं. इथे आंबा नाही. दारात विजेचा खांब आहे, तो त्याच्याशी बोलतो. मी कांडत असले तर हे नवं मुसळ खाली ठेवते आणि त्याचं शेवटचं अक्षर संपेपर्यंत हात लावत नाही. म्वादीला वाटतं, आई म्हातारी झाली. वाटू दे.

मुलीचं नाव सिफा. दीड वर्षाची आहे. चालते, धावते, अंगाने भरलेली आहे. दवाखान्यातल्या बाईने वजन करून शाबासकी दिली. कुणाला काही सांगायला जाऊ तर म्हणतील, हिला काय झालंय? काही झालेलं नाही.

फक्त ती खेळून दमली की भिंतीला पाठ लावून बसते. मधोमध कधी नाही. डावीकडे दोन जागा सोडून बसते. मी तिला उचलून मधे बसवून पाहिलं. ती उठते, आणि पुन्हा बरोबर दोन जागा सोडून बसते. फार अडवलं तर रागावते. राग माझ्यावर गेलाय. तिच्या शेजारी भांडं भरून ठेवलं की थोड्या वेळात रिकामं. ती तोंड लावत नाही, मी नजर ठेवून असते. म्वादीने हे बघितलेलं आहे. ती त्या वेळी भांडी घासायला बाहेर जाते.

पहिले काही दिवस मी ओरडले. शिव्या घातल्या, झाडू आपटला. मग एक दिवस म्हटलं, अगं बाई, तुझ्या आवाजानेच तर सगळं झालं. ज्या दिवशी गप्प बसायचं होतं त्या दिवशी तू हाणत होतीस.

आता दुपारी सिफा बसली की मी काम टाकते आणि तिच्या डावीकडे जाऊन बसते. रुंद आहे मी. दोन्ही जागा मला पुरतात. बसताना म्हणते, "सरका रे. आजी बसतेय." सिफा माझ्या मांडीवर डोकं टेकते आणि झोपते. तिच्या बाजूचं भांडं मग भरलेलं राहतं.

विटा कोरड्या असतात, मी आधी हात लावून बघते. पण बसल्यावर थोड्याच वेळात पाठीला गार लागायला लागतं. मग घसा सुकतो. मग ओठ. उठल्यावर मी दोन भांडी पाणी पिते, तरी जात नाही. या वर्षी बोटांची कातडी सालपटासारखी निघायला लागली आहे, आणि किशिंबाला होता तसा खोकला लागलाय.

काल मला तसं बसलेलं नुंबीने दारातून बघितलं असावं. पाठ फिरवून खांबाजवळ उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "खांबा, सासूबाईंना सांग, उठा म्हणावं आता तिथून. पाया पडतो म्हणावं."

मी ऐकलं. एकेक शब्द ऐकला. सिफा मांडीवर झोपली होती, मी उठले नाही.